पुरावा कुणी द्यायचा?

१ जानेवारी २०२६ च्या मध्यरात्री न्यूयॉर्कच्या सिटी हॉलखाली, कित्येक दशकांपूर्वी बंद झालेल्या जुन्या सबवे स्थानकात झोहरान ममदानींनी कुराणावर हात ठेवून महापौरपदाची शपथ घेतली. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. दुपारची जेवणं होईपर्यंत आमच्या कॉलेजच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडलेही होते. एकीकडे ‘गेलं न्यूयॉर्क’, ‘आता तिकडे शरिया’ आणि जळत्या मनोऱ्यांचे फोटो. दुसरीकडे तितकाच तयार माल: ममदानींविरुद्ध कुणी चकार शब्द काढला की तो इस्लामद्वेष्टा. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मित्राने मधेच लिहिलं की ममदानींची घरभाडी गोठवण्याची कल्पना त्याला अर्थशास्त्राच्या अंगाने चुकीची वाटते. त्यावर एकाने त्याची पाठ थोपटली, ‘शेवटी तुला कळलं ना ते लोक कसे असतात!’ दुसऱ्याने त्याला धर्मांध ठरवलं. तो बिचारा घरभाड्याबद्दल बोलत होता.

हा वाद दोन्हीकडून वाईट तऱ्हेने घातला जातो आहे, म्हणून हा लेख. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लोकप्रतिनिधीला काहीही विचारता येतं, त्याच्या श्रद्धेबद्दलसुद्धा. पण त्याच्या धर्माच्या नावावरून उत्तर आपणच आधी लिहून ठेवायचं आणि मग ‘हे खोटं आहे हे तू सिद्ध कर’ असं त्याला सांगायचं, याला प्रश्न विचारणं म्हणत नाहीत. अमेरिकेतल्या मुस्लिम लोकप्रतिनिधींच्या वाट्याला गेली वीस वर्षं मुख्यतः हेच आलं आहे. आणि जे त्यांची बाजू घेताना सगळेच प्रश्न अडवतात, त्यांनी हे काम आणखी सोपं करून ठेवलं आहे.

नोव्हेंबर २००६. मिनियापोलिसचे किथ एलिसन अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेलेले पहिले मुस्लिम ठरले. निवडणुकीला आठवडा झाला असेल-नसेल, उजव्या विचारांचे सूत्रधार ग्लेन बेक यांनी त्यांना दूरचित्रवाणीवर बोलावलं आणि म्हणाले की मला तुम्हाला असं सांगावंसं वाटतंय: महाशय, तुम्ही आमच्या शत्रूंसाठी काम करत नाही, हे मला सिद्ध करून दाखवा. पुढे लगेच पुस्तीही जोडली. तसं नाही हे मला माहीत आहे, मी आरोप करत नाही, पण मला तसं वाटतं. ही पुस्ती मला मूळ वाक्याहून महत्त्वाची वाटते. बोलणाऱ्याला आरोप खोटा असल्याचं ठाऊक आहे, तरी पुरावा मात्र समोरच्याने द्यायचा. का? तर याला ‘वाटतं’ म्हणून.

मग शपथेच्या पुस्तकावरून काहूर उठलं. डेनिस प्रेगर या स्तंभलेखकाने लिहिलं की शपथ कोणत्या ग्रंथावर घ्यायची हे एलिसन नाही, अमेरिका ठरवील. व्हर्जिनियाचे खासदार व्हर्जिल गूड यांनी मतदारांना पत्र पाठवून बजावलं की स्थलांतराची धोरणं आवळली नाहीत तर असे आणखी मुस्लिम निवडून येतील. गंमत अशी की एलिसन स्थलांतरित नव्हतेच. डेट्रॉइटमध्ये कॅथलिक घरात जन्मलेला हा कृष्णवर्णीय माणूस कॉलेजच्या वयात मुसलमान झाला. आपले पूर्वज १७४२ पासून या भूमीत आहेत असं तो सांगत असे. दुसरी गंमत म्हणजे प्रतिनिधिगृहातली खरी शपथ सगळे सदस्य एकदम, हात वर करून घेतात. कुठलाही ग्रंथ तिथे लागत नाही. ग्रंथ लागतो तो नंतरच्या फोटोपुरता. त्या फोटोसाठी एलिसन यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक, टॉमस जेफरसन यांच्या मालकीचं कुराण मागवलं. जेफरसन यांनी ते १७६५ मध्ये, कायद्याचे विद्यार्थी असताना विकत घेतलेलं. आणि जेफरसन यांचा जन्म ज्या आल्बमार्ल काउंटीत झाला, ती गूड यांच्याच मतदारसंघात येत होती! या चालीचं मला आजही कौतुक वाटतं. पण लोकांच्या डोक्यातलं पुस्तक तेवढ्याने हललं नाही. अकरा वर्षांनी, २०१७ मध्ये, अलाबामातले सिनेटचे उमेदवार रॉय मूर यांचा प्रवक्ता सीएनएनवर ठणकावून सांगत होता की शपथ बायबलवरच घ्यावी लागते. मुलाखतकाराने शांतपणे सांगितलं की कायद्यात तसं काही नाही. तेव्हा त्या गृहस्थाचं तोंड जे उघडं राहिलं, ते बघण्यासारखं होतं.

कायद्यात काय आहे? राज्यघटनेच्या सहाव्या कलमात स्वच्छ लिहिलं आहे की कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची कसोटी कधीही लावली जाणार नाही. इथवर आलं की ममदानींचे पाठीराखे खुर्चीत मागे रेलून बसतात, जणू वाद संपला. तो तिथे संपत नाही. विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा तिथूनच सुरू होतो: हे कलम सरकारला बांधतं, मतदाराला नाही. मतदाराने कुणाला मत का द्यावं, का देऊ नये, याला कायदा नाही. उमेदवाराच्या मिशा आवडल्या नाहीत म्हणूनही मत नाकारता येतं. मग धर्म आवडला नाही म्हणून का नाही?

मुद्दा बिनतोड आहे आणि तो जुनाही आहे. जुलै १७८८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या हिल्सबरो गावी राज्यघटना मंजूर करायची की नाही यावर चर्चा चालली होती. हेन्री ॲबट या प्रतिनिधीने लोकांच्या मनातली भीती मांडली. धर्माची कसोटी नसेल तर मूर्तिपूजक, देव मानणारे पण धर्मग्रंथ न मानणारे ‘डीइस्ट’ आणि मुसलमान आपल्यात अधिकारपदावर येतील, त्याचं काय? उत्तर द्यायला जेम्स आयर्डेल उठले, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्यांच्या उत्तराचा पहिला भाग सगळे उद्धृत करतात: ज्या धर्मस्वातंत्र्यासाठी आपण स्वतः भांडतो, ते न मोडता कुठल्या एका गटाला बाहेर ठेवणार कसं? दुसरा भाग सहसा कुणी सांगत नाही. त्यात ते दिलासा देतात की अमेरिकेचे लोक आपले मोलाचे हक्क धर्म नसलेल्या किंवा आपल्याहून फारच वेगळा धर्म असलेल्या माणसांच्या हाती देतील, असं समजायचं कारणच नाही. म्हणजे कसोटी घटनेतून काढली आणि त्याच श्वासात मतदाराच्या खिशात घातली. आणि ज्या मुसलमानाची कल्पनेत भीती वाटत होती तो तिथल्या शेतांवर प्रत्यक्ष राबत होता. पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांत मुसलमान होते. ओमर इब्न सैद हा त्यांतला एक, थोडा नंतरचा. १८०७ मध्ये त्याला चार्ल्सटनच्या धक्क्यावर उतरवलं, पुढचं आयुष्य नॉर्थ कॅरोलायनात गुलामीत गेलं आणि १८३१ मध्ये त्याने अरबीत आपली हकिकत लिहिली. त्याला पदावर कुणी बसवणार नव्हतं. त्याला मतही नव्हतं.

तर मतदाराचा अधिकार मान्य. पण अधिकार असणं आणि तो शहाणपणाने वापरणं या दोन गोष्टी आहेत. धर्मावरून मत नाकारणाऱ्याला कुणी तुरुंगात टाकत नाही. ‘तुझं कारण कच्चं आहे’ एवढंच त्याला सांगता येतं, आणि सांगितलंच पाहिजे. मेरीलँडमध्ये ज्यूंना सरकारी पदं खुली झाली ती १८२६ मध्ये. त्यासाठी झगडणारा थॉमस केनेडी स्वतः ख्रिश्चन होता. याच विधेयकापायी १८२३ ची निवडणूक तो हरला. मतदारांनी अधिकार वापरला होता. ते बरोबर होते का?

आता दुसरा आक्षेप, जो आमच्या ग्रुपवर रोज येतो आणि ज्याला मी फालतू समजत नाही. इस्लाम हा इतर धर्मांसारखा नाही, म्हणतात; त्यात राज्य आणि धर्म वेगळे नाहीत, शरिया आहे, ग्रंथांत तसं लिहिलं आहे, आणि मुस्लिमबहुल देशांत काय चाललंय ते दिसतंच. ग्रंथांत कठोर वचनं आहेत, हे खरं. धर्माच्या नावावर चालणाऱ्या राजवटी माणसांना चिरडतात, हेही खरं. अशा राजवटींतून पळून अमेरिकेत आलेल्यांत मुसलमानही पुष्कळ आहेत.

पण हा युक्तिवाद १९२७ मध्ये याहून जास्त ताकदीने करून झाला आहे. न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ कॅथलिक होते आणि राष्ट्राध्यक्षपदाची तयारी करत होते. चार्ल्स मार्शल या वकिलाने ‘अटलांटिक मंथली’त त्यांना अनावृत पत्र लिहिलं. पत्र सभ्य होतं, अभ्यासू होतं. तुमच्या पोपांची अधिकृत वचनं अशी अशी आहेत, ती आमच्या घटनेशी जुळत नाहीत, तुम्ही कुणाचं ऐकणार? मार्शल यांच्या हातात खरोखरच कागद होते. १८६४ मध्ये नवव्या पायस पोपने चुकीच्या मतांची जी यादी जाहीर केली, तिच्यात धर्मसंस्था आणि राज्य वेगळी असावीत हे मतही होतं. सगळ्यांना बंधनकारक असा एक धर्मगुरू, एक केंद्र, एक उतरंड, असं सगळं कॅथलिकांकडे होतं. मुसलमानांकडे असा जगाचा एक पोप नाही. म्हणजे ‘वरून हुकूम येईल’ ही शंका कागदावर तरी कॅथलिकांबाबत जास्त रास्त होती. रोमने धर्मस्वातंत्र्य अधिकृतपणे मान्य केलं ते १९६५ मध्ये. तोवर कॅथलिक जॉन केनेडी राष्ट्राध्यक्षपदी निवडूनही आले होते आणि त्यांची हत्याही झाली होती.

मग मार्शल यांचं चुकलं कुठे? पोपच्या वचनांवरून स्मिथ काय करतील हे त्यांनी ठरवलं, स्मिथ यांनी काय केलं होतं त्यावरून नाही. स्मिथ तेव्हा चौथ्यांदा गव्हर्नर होते. त्यांच्या सह्या, नेमणुका, नामंजूर केलेली विधेयकं, सगळं दप्तर उघडं होतं. त्यात रोमचा हात शोधायचा तर शोधता आला असता. ते पत्र वाचून स्मिथ यांनी ‘हे एन्सायक्लिकल म्हणजे काय असतं बुवा?’ असं विचारल्याची आख्यायिका आहे. (एन्सायक्लिकल म्हणजे पोपचं अधिकृत पत्रक.) खरी-खोटी देव जाणे, पण श्रद्धाळू माणूस आणि त्याच्या धर्माचे ग्रंथ यांच्यातलं अंतर तिने नेमकं पकडलं आहे. आपल्यातले किती जण मनुस्मृती उघडून दिवसाची सुरुवात करतात? तरी परदेशात कुणी तिच्यातले श्लोक आपल्या तोंडावर फेकून ‘सांगा, तुम्ही असेच ना?’ असं विचारलं तर आपल्याला काय वाटेल? आज अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नवापैकी सहा न्यायमूर्ती कॅथलिक आहेत. त्यांच्या निकालांवर प्रचंड भांडणं होतात, व्हायलाच हवीत. पण पोपच्या तारा येतात का, असं कुणी विचारत नाही. गॅलपच्या १९३७ च्या पाहणीत कॅथलिक उमेदवाराला मत द्यायला तयार असलेले लोक होते ६० टक्के. २०१५ मध्ये मुस्लिम उमेदवाराच्या बाबतीत आकडा आला तोही ६० टक्केच.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: ‘पण ते खोटं बोलतात. त्यांच्या धर्मात तशी मुभाच आहे.’ २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक बेन कार्सन आधी म्हणाले की या देशाची सूत्रं मुसलमानाकडे द्यावीत असं मी सुचवणार नाही. मग समर्थनार्थ त्यांनी ‘तकिया’ हा शब्द पुढे केला. छळ होत असताना जीव वाचवण्यासाठी श्रद्धा लपवण्याची ही सवलत, जी मुख्यतः शिया परंपरेत सांगितली जाते, तिचं रूपांतर ‘मुसलमान जे बोलेल ते खोटं’ अशा सिद्धांतात झालं. हा सिद्धांत फार सोयीचा आहे. उमेदवार म्हणाला मी घटना मानतो, तर तो तकिया. गप्प बसला, तर कबुली. चिडला, तर खरा चेहरा दिसला. ज्या आरोपातून सुटण्याची वाटच ठेवलेली नाही, त्याला उत्तर कुठल्या तोंडाने मागायचं? एकोणिसाव्या शतकात जेझुइट पंथाच्या कॅथलिकांबद्दल हेच बोललं जाई: मनात एक ठेवून ओठांवर दुसरं आणायला त्यांना शिकवतात म्हणे. शब्द तेवढा बदलला.

इतकं म्हटल्यावर मला माझ्याच बाजूच्या लोकांकडे वळलं पाहिजे. मुस्लिम लोकप्रतिनिधींवरची प्रत्येक टीका द्वेषातून येते, हे साफ खोटं आहे. मार्च २०१९ चा महिना घ्या. इल्हान ओमर, सोमालियातून केनियाच्या निर्वासित छावणीत आणि तिथून मिनेसोटात आलेल्या, दोनच महिन्यांपूर्वी खासदार झाल्या होत्या. अमेरिकी नेते इस्रायलची बाजू घेतात ते पैशासाठी, अशा अर्थाचं ट्वीट त्यांनी फेब्रुवारीत केलं होतं. ज्यू आणि पैसा ही जोडी युरोपात शतकानुशतकं कशासाठी वापरली गेली हे ज्याला माहीत आहे, त्याला ते टोचणारच. त्यांच्याच पक्षाच्या नेत्यांनी त्यांना सुनावलं, त्यांनी माफी मागितली, पुढे आणखी एका वक्तव्यावरून पुन्हा वाद झाला आणि ७ मार्चला सभागृहाने ज्यूद्वेषासह सर्व प्रकारच्या द्वेषाचा निषेध करणारा ठराव ४०७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर केला. ही टीका रास्त होती. ओमर यांच्या तोंडून निघालेल्या, तारीख-वार असलेल्या शब्दांवर ती होती. आणि त्याच मार्चच्या पहिल्या तारखेला वेस्ट व्हर्जिनियाच्या विधान भवनात एक फलक लागला होता: वर जळते मनोरे, खाली हिजाबातल्या ओमर. ११ सप्टेंबर २००१ ला ही मुलगी एकोणीस वर्षांचीही नव्हती. पहिल्या टीकेला त्या उत्तर देऊ शकत होत्या, माफी मागू शकत होत्या. फलकाला काय उत्तर देणार? हिजाब काढून?

मिशिगनमधलं हॅमट्रॅमिक गाव आणखी अडचणीचं. २०२१ च्या निवडणुकीनंतर तिथली नगर परिषद सगळीच्या सगळी मुस्लिम झाली, अमेरिकेत असं पहिल्यांदाच घडलं. पुरोगाम्यांनी टाळ्या वाजवल्या. जून २०२३ मध्ये त्याच परिषदेने सरकारी मालमत्तेवर समलैंगिकांचा इंद्रधनुषी झेंडा लावायला बंदी घातली, आणि टाळ्या वाजवणारे हात कपाळावर गेले. महापौरांनी पुढच्या वर्षी ट्रम्प यांना पाठिंबा दिला. विरोधक म्हणतात, बघा, धर्म मधे आलाच ना? आला, हो. जसा तो टेक्ससमधल्या चर्चला जाणाऱ्या नगरसेवकाच्या निर्णयातही येतो. त्या निर्णयाला विरोध करायचा तर निर्णय म्हणून करा. झेंडाबंदीवर टीका करायला टीकाकाराने कुराण उघडायची गरज नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांची चूक मात्र वेगळी. त्यांनीही धर्माच्या नावावरूनच अंदाज बांधला होता, फक्त गोड.

आणि ममदानी? आपल्या लोकांना ते सलतात ते मे २०२५ मधल्या त्यांच्या बोलण्यामुळे. मोदींना त्यांनी युद्धगुन्हेगार म्हटलं, आणि गुजरातेत मुसलमान इतके थोडे उरलेत की मी गुजराती मुसलमान आहे म्हटल्यावर लोकांना धक्का बसतो, अशा अर्थाचं बोलले. २००२ बद्दल कुणाचं काय मत असेल ते असो, पण दुसरं विधान वस्तुस्थितीला धरून नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गुजरातेत सुमारे ५८ लाख मुसलमान आहेत, लोकसंख्येच्या जवळपास दहा टक्के. न्यूयॉर्कसारख्या शहराची सूत्रं मागणाऱ्याने असं बोलू नये. हे खोडून काढायला एक आकडा पुरतो. पण खोडणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी आकडा सोडला आणि ‘जिहादी’ हा शब्द उचलला. हातचा मुद्दा असा वाया घालवला की मला वाईट वाटतं. टेनेसीचे खासदार अँडी ओगल्स तर त्याच्याही पुढे गेले. त्यांनी ममदानींना ‘छोटा मुहम्मद’ म्हणत त्यांचं नागरिकत्व काढून घ्यावं अशी मागणी न्याय खात्याकडे केली. ऑक्टोबरात महापौरपदासाठी ममदानींविरुद्ध उभे असलेले माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो रेडिओवर बोलत होते. पुन्हा ११ सप्टेंबरसारखं काही घडलं आणि ममदानी त्या खुर्चीत असले तर, अशी कल्पना करा, असं ते म्हणाले. सूत्रधार म्हणाला, तो तर आनंदाने टाळ्या पिटेल. क्युओमो हसले आणि म्हणाले, तोही एक प्रश्नच आहे. ते स्वतः इटालियन कॅथलिक घराण्यातले. अल स्मिथ बसत त्याच गव्हर्नरच्या खुर्चीवर बसलेले.

चांगल्या मनाची माणसंही इथे कशी अडखळतात, त्याचं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. ऑक्टोबर २००८, मिनेसोटातली प्रचारसभा. एक बाई ओबामांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांना म्हणाल्या की ओबामांवर माझा विश्वास नाही, तो अरब आहे. मॅकेन यांनी माइक परत घेतला आणि म्हणाले, नाही बाई, ते सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत, त्यांच्याशी माझे मतभेद आहेत इतकंच. स्वतःच्या समर्थकाला सर्वांसमोर थांबवायला धैर्य लागतं, त्याबद्दल त्यांना सलाम. पण वाक्य पुन्हा वाचा. अरब आहे का? नाही, सभ्य आहे. नऊ दिवसांनी कॉलिन पॉवेल यांनी राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. ओबामा मुस्लिम नाहीत, ख्रिश्चन आहेत हे खरं उत्तर. पण योग्य उत्तर असं की असते मुस्लिम, तर काय बिघडलं? मग त्यांनी आर्लिंग्टनच्या दफनभूमीतल्या एका छायाचित्राबद्दल सांगितलं. इराकमध्ये मारल्या गेलेल्या न्यू जर्सीच्या वीस वर्षांच्या सैनिकाच्या थडग्याच्या दगडावर डोकं टेकून बसलेली आई, आणि दगडावर चंद्रकोर व तारा. हे बोलणारा माणूस रिपब्लिकन, संयुक्त सेनाप्रमुखांच्या समितीचा माजी अध्यक्ष होता. त्याच पक्षाच्या टेक्ससमधल्या टॅरंट काउंटी शाखेत जानेवारी २०१९ मध्ये शाहिद शफी या शल्यविशारद उपाध्यक्षाला केवळ मुस्लिम असल्यामुळे काढून टाकायचा प्रस्ताव आला, तो १३९ विरुद्ध ४९ मतांनी फेटाळला गेला. मी ग्रुपवर हे सांगितलं तेव्हा एकाला १३९ दिसले, एकाला ४९. मला दोन्ही दिसतात.

डाव्यांच्या पाटीवरही खडूच्या रेघा आहेत. २०१७ मध्ये न्यायाधीशपदासाठी नाव सुचवलेल्या कॅथलिक प्राध्यापक एमी कोनी बॅरेट यांना सिनेटर डायॅन फाइनस्टाइन म्हणाल्या की तुमच्यात धर्ममताचा आवाज फार मोठा आहे, आणि ही चिंतेची बाब आहे. त्याच वर्षी बर्नी सँडर्स यांनी सरकारी पदासाठी नाव सुचवलेल्या रसेल वॉट यांना धारेवर धरलं. येशूला नाकारल्यामुळे मुसलमान दोषी ठरतात, असं वॉट यांनी लिहिलं होतं. असं लिहिणारा माणूस मुस्लिम नागरिकांशी समान वागेल का, हे विचारणं अगदी योग्य होतं. शब्द त्यांचेच होते. पण सँडर्स उत्तराला थांबले नाहीत. माझा धर्म खरा, इतरांना मोक्ष नाही, असं मानणारे कोट्यवधी ख्रिश्चन आणि मुसलमान शेजाऱ्याशी सरळ वागतात. परलोकाबद्दलच्या मतावरून इहलोकातली नोकरी नाकारायची झाली, तर ममदानींनाही तोच नियम लागेल. त्या ममदानींना नववर्षाच्या दुपारी सिटी हॉलच्या पायऱ्यांवर जाहीर शपथ दिली ती सँडर्स यांनीच.

यात आपलं काय जातं, असं विचारणाऱ्यांसाठी २०१८ ची मिशिगनची प्राथमिक फेरी सांगतो. गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षात तिघे होते: ग्रेचेन व्हिटमर, डॉ. अब्दुल अल-सय्यद आणि आपले श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिलेले. ठाणेदारांना प्रश्न आले ते त्यांच्या पैशाबद्दल, बुडालेल्या कंपनीबद्दल. रास्त प्रश्न. अल-सय्यद यांच्यावर मात्र रिपब्लिकन इच्छुक पॅट्रिक कोलबेक यांनी मुस्लिम ब्रदरहूड या इजिप्तमध्ये उगम पावलेल्या इस्लामी राजकीय संघटनेशी संबंध असल्याचा आरोप केला, पुरावा न देता. आता गंमत बघा: दोघांपैकी स्थलांतरित ठाणेदार; अल-सय्यद मिशिगनमध्येच जन्मलेले, डेट्रॉइटचे माजी आरोग्य अधिकारी. निष्ठेची विचारणा झाली ती तिथल्या भूमिपुत्राची.

म्हणून आपण सुटलो, असं समजू नये. जुलै २००७ मध्ये सिनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली, तेव्हा प्रेक्षागॅलरीतून ख्रिश्चन निदर्शकांनी आरडाओरडा करून ती बंद पाडायचा प्रयत्न केला. डिसेंबर २०२३ मध्ये आयोवात विवेक रामस्वामींना एका मतदाराने विचारलं की देश ख्रिश्चनांनी उभारला, हिंदू राष्ट्राध्यक्ष कसा चालेल? २०२५ मध्ये टेक्ससमधल्या हनुमानाच्या नव्वद फुटी मूर्तीबद्दल सिनेटचा एक इच्छुक उमेदवार म्हणाला की खोट्या देवाची खोटी मूर्ती इथे का सहन करायची. तरी ‘उद्या आपल्यावर येईल म्हणून आज त्यांच्या बाजूने बोला’ हा युक्तिवाद मला दुय्यम वाटतो. आपल्यावर कधीच येणार नसतं तरी निर्णय हाच असता. जेफरसन यांनी व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याबद्दल लिहिताना ज्यू, ख्रिश्चन, मुसलमान, हिंदू आणि नास्तिक असे सगळे त्याच्या छत्राखाली येतात असं म्हटलं. तेव्हा व्हर्जिनियात हिंदू होते तरी किती?

आणि आपल्याला हे जमत नाही असंही नाही. १९८० मध्ये बॅरिस्टर अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांच्याच काळात मिळालं. जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यांना खुर्ची सोडावी लागली, ती सिमेंटच्या वाटपावरून आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्यांवरून. त्यांना सोलून काढायला सिमेंटची पोती पुरली. त्याआधी १९४२ मध्ये मुंबईने एक तरुण, समाजवादी, मुस्लिम महापौर निवडला होता, युसुफ मेहेरअली. ममदानींचे वडील त्याच मुंबईत चार वर्षांनी जन्मले.

त्या दिवशी घरभाड्याबद्दल लिहिणाऱ्या मित्राला मी नंतर फोन केला. त्याचे प्रश्न तसेच होते. भाडेनियंत्रणातली दहा लाखांच्या आसपास घरं आहेत, त्यांची भाडी गोठवली तर दुरुस्तीचा खर्च कोण करणार? बस मोफत करायच्या म्हणतात, पण बस चालवणारी संस्था राज्य सरकारच्या ताब्यात आहे; मग महापौर ते करणार कसं? श्रीमंतांवरचा करही राज्याच्या राजधानीतून, ऑल्बनीतून मंजूर व्हायला हवा. तिथली मतं आणणार कुठून? मी म्हटलं, हे सगळं ग्रुपवर टाक. तो म्हणाला, टाकलं होतं रे, खाली एका भल्याने बुरखा घातलेल्या स्वातंत्र्यदेवतेचं चित्र टाकलं आणि सगळे तिकडे वळले.